एकशे अडुसष्ट महिन्यांचा आलेख

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
ही बहिणीकडे गेली त्याला आज बावीस दिवस झाले. हवापालट म्हणून गेली आहे. जाताना दोन बॅगा आणि शिवणाची मोठी कात्री नेली, त्यावरून मुक्काम थोडा लांबणार हे मी तेव्हाच ताडलं होतं. अंदाज बरोबर ठरला.

काल मेव्हणीचा फोन. तिकडे पडदे शिवणाऱ्या एका दुकानात हिला कायमची नोकरी देऊ करताहेत. महिनाअखेरीस हो की नाही ते सांगायचं आहे. मेव्हणी म्हणाली, तुम्हाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला, मागून नको. मी म्हटलं, पुराव्याशिवाय बोलणं माझ्या स्वभावात नाही. यावर फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

पुरावा आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि चौदाही वर्षांच्या खिशातल्या डायऱ्या माझ्या कपाटात आहेत. प्रत्येक भांडणाची नोंद आहे: तारीख, कारण, किती मिनिटं. कारखान्यात मी पंपांच्या तक्रारी नोंदवतो तीच पद्धत. हेतू शुद्ध सुधारणेचा. हिचं म्हणणं, आपलं काही जमत नाही. मी म्हणतो, दर महिन्याच्या भांडणांचा आलेख काढू आणि रेघ कुठे जाते ते बघू.

संकल्प: (१) २८ तारखेच्या आत आलेख. (२) रोज साडेपाचला उठणे. (३) अंडी उकडत असताना दुसऱ्या खोलीत न जाणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. जेवणाची सुट्टी
कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला विचारलं. त्याला सगळे पासवर्ड म्हणतात, कारण त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो. म्हणाला, एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होईल. मी म्हटलं, एक्सेलमध्ये कोणीही काढतं, शास्त्रज्ञ काय वापरतात ते सांग. त्याने एका लायब्ररीचं नाव लिहून दिलं. ही पुस्तकांची नव्हे. आलेख काढायची सगळी हत्यारं तिच्यात तयार असतात, आणि जगभरची माणसं ती फुकट बनवून फुकट वाटतात. एक ओळ टाइप केली की इन्स्टॉल.

आलेख कागदावर हाताने वीस मिनिटांत झाला असता. पण हाताने काढलेल्या आलेखावर कोणी विश्वास ठेवत नाही. कामावर ते मीच काढतो, त्यामुळे मला माहीत आहे.

वेळापत्रक: आज इन्स्टॉल. उद्या आलेख. परवा ही परत. तेरवा रजा टाकणे.

संध्याकाळी ७.१५
ओळ टाइप केली. कॉम्प्युटर म्हणतो, ही कमांड ओळखीची नाही. पुन्हा केली. अजून ओळख पटलेली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
लायब्ररी पायथन नावाच्या भाषेत चालते आणि ती भाषा आधी बसवावी लागते. हे पासवर्डने सांगितलं नव्हतं. म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. माणसं असं का समजतात?

भाषा बसवली. मग लायब्ररी बसवली. 'यशस्वीरीत्या इन्स्टॉल झाली' असं कॉम्प्युटरने आपणहून लिहिलं. या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी तरी माझ्या कामाची दखल घेतली. चहा केला. सवयीने दोन कप झाला. दोन्ही प्यायलो.

चहानंतर लायब्ररी उघडायला गेलो. उत्तर: अशी लायब्ररी इथे नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कारण सापडलं. कॉम्प्युटरवर दोन पायथन आहेत. एक जुना, कोणी तरी कधी तरी टाकलेला, आणि एक माझा. माझ्याकडे ठेवलेली वस्तू जुना आपल्याकडे शोधतोय आणि नाही म्हणतोय. एकाच छपराखाली राहून एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. असं कसं चालत असेल, कळत नाही.

जुना काढून टाकला. त्याच्याबरोबर प्रिंटरही गेला.

एरर मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. घरात आवाज राहतो.

९ फेब्रुवारी, रविवार
मेव्हणीकडे फोन केला. साडूंनी उचलला. हवेवर चार मिनिटं बोललो. ही अंघोळीला गेली होती. मागच्या रविवारीही अंघोळीलाच गेली होती. तिकडे पाण्याची सोय चांगली दिसते.

साडूंना सांगितलं, मोठं काम हाती घेतलंय, हिला निरोप द्या. साडूंनी विचारलं, काय निरोप देऊ? मी म्हटलं, हेच, की काम हाती घेतलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आलेखाची फाइल तयार केली. आदर म्हणून तिला लायब्ररीचंच नाव दिलं. तेव्हापासून काहीच चालत नाही. विचित्र एरर येतात, त्यात माझंच नाव, माझाच फोल्डर.

लायब्ररीचा एक फोरम आहे. तिथे आपली अडचण लिहायची, कोणी तरी स्वयंसेवक उत्तर देतो. मी अडचण पावणेदोन पानांत लिहिली, थोडी पार्श्वभूमीही दिली. दहा मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ओलेबूट असं ठेवलं आहे. म्हणाला, फाइलचं नाव बदला. कॉम्प्युटर लायब्ररी शोधायला जातो, आणि वाटेत तुम्हीच भेटता.

बदललं. चाललं. आभाराचं पत्र लिहिलं, एक पान. ओलेबूटने अंगठा पाठवला. मनमोकळा माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार
चौदा डायऱ्यांतले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरून झाले. एकशे अडुसष्ट महिने. पहिल्या वर्षी एकसष्ट भांडणं, सर्वांत लांब दोन तास दहा मिनिटं (विषय: हिने मला न विचारता मोठं टेबल खिडकीपाशी सरकवलं). कारणांचे गट पाडले: टेबल, टॉवेल, माझी आई, हिची आई, टीव्हीचा आवाज, काही नाही. 'काही नाही' हा गट सर्वांत मोठा निघाला. मी विचारायचो, काय झालं? ही म्हणायची, काही नाही. आणि तिथून सुरू.

मात्र आठव्या वर्षापासून आकडे उतरू लागतात. सहा. चार. महिन्याला एक. आणि शेवटचे सव्वीस महिने सलग शून्य. पंपांच्या बाबतीत असं झालं असतं तर मालकाने विभागाला ढाल दिली असती.

एवढी सुधारणा होऊन ही हवापालटाला का गेली, हा प्रश्न उरतो. तिच्यासमोर आकडे नव्हते, हेच कारण.

(संकल्प २ रद्द. साडेपाचला उठून दिवस फार लांब होतो.)

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आलेख निघाला. संध्याकाळी ६.२०. खिडकीसारखी चौकट उघडली आणि तिच्यात निळी रेघ.

फक्त शीर्षक दिसत नाही. मी 'आमचा संसार: प्रगतीचा आढावा' असं लिहिलं होतं, तिथे रिकाम्या चौकोनांची रांग आहे. ओलेबूट म्हणाला, लायब्ररीच्या फॉन्टमध्ये तुमची लिपी नसेल, दुसरा फॉन्ट द्या. शीर्षकाचा अर्थही विचारला. मी लिहिलं, तक्रारींचा आढावा. परक्याला किती सांगायचं यालाही मर्यादा असते. तो कुठे राहतो, काय करतो, घरी कोण असतं, एवढंच मी विचारून घेतलं. तो नदीच्या पाण्याची पातळी मोजतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
फॉन्ट बसला. शीर्षक आलं. आता रेघ नाही.

म्हणजे आहे, पण शेवटची सव्वीस महिन्यांची गायब. उतरत उतरत येते आणि संपते. पुढे नुसता पांढरा कागद. नेमका माझा सर्वोत्तम काळ लायब्ररीने गाळला. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट असणारच. फोरमवर कडक शब्दांत तक्रार नोंदवली. शेवटी 'आपला नम्र' लिहिलं, म्हणजे संबंध बिघडू नयेत.

कामावर पासवर्डने विचारलं, वहिनी कधी येताहेत? मी म्हटलं, एका रेघेवर अडलंय. त्याने खांद्यावर हात ठेवला. कशासाठी, कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
ओलेबूटचं उत्तर. लायब्ररीत दोष नाही. रेघ आहे, ती शून्यावर आहे, आणि चौकटीची खालची कड नेमकी शून्यावर असल्यामुळे तिच्याखाली झाकली गेली आहे. कड जरा खाली घ्या. घेतली. रेघ आली: तळाला लागून, सव्वीस महिने, सरळ.

पुढे त्याने असंही लिहिलं की, एवढा काळ सलग शून्य आलं तर आम्ही नदी आटली असं एकदम म्हणत नाही, आधी मोजणारं यंत्र चालू आहे का ते जाऊन बघतो. मी उत्तर दिलं, मोजणारा मी स्वतः आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे. त्याने माझा प्रश्न 'सुटला' अशी खूण करून बंद केला. मला अजून थोडं बोलायचं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.०५
आलेख हिला पाठवला. उतरत्या भागाला हिरवा रंग, शून्याच्या भागाला सोनेरी. सोबत एकच ओळ: 'कृपया निर्णयापूर्वी पाहावे.'

१०.०९. तिने बघितला.
१०.४०. अभ्यास करत असावी.
१.१५. अंडी करपली. पाण्यात असलेली अंडी करपू शकतात, ही नवी माहिती.
५.३०. साडूंचा मेसेज: रंगसंगती छान.

२४ फेब्रुवारी, सोमवार
उत्तर नाही. घर झाडून घेतलं. मोठं टेबल खिडकीपाशी सरकवलं. एकट्याला जड जातं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ
हिचा फोन आला. हिचा स्वतःचा. मी आलेखाचे दोन्ही अक्ष समजावून सांगायला लागलो, ती म्हणाली, ते कळलं. मग म्हणाली, शेवटच्या भांडणाची डायरी काढा आणि त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचा. मी काढली. वाचलं: वेळ रात्रीच्या जेवणानंतर, मिनिटं तीन, कारण: 'हिने विचारलं, आज कामावर काय झालं. मी म्हटलं, काही नाही. हिने तेच पुन्हा विचारलं.'

तिकडे चालू असलेला टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, परत रेंज गेली. मग म्हणाली, "त्यानंतर मी विचारलंच नाही. तुमच्या सोनेरी रेघेत मी दोन वर्षं गप्प बसलेय, अहो."

मी म्हटलं, हा एक अर्थ झाला, आकड्यांतून आणखीही अर्थ निघू शकतात. ती म्हणाली, निघत असतील. नोकरीला तिने सोमवारीच हो सांगितलं होतं. तिकडे दुकानाच्या वर खोलीही मिळते आहे. शनिवारी टेम्पो घेऊन शिलाई मशीन न्यायला येईल, सकाळी अकराला.

म्हणजे येणार आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
डायऱ्या पुन्हा वाचल्या, त्या सव्वीस महिन्यांच्या. भांडण नाही, हे खरं. दुसरंही काही नाही. बल्ब बदलला. दात दाखवला. पंपांची तपासणी आली. हिच्याबद्दल एक ओळ शोधत होतो. एक सापडली: 'ही म्हणाली, नळ गळतोय.'

उद्या बोलायचं. तिने दोन वर्षं विचारलं नाही ते सगळं सांगायचं. कागदावर अकरा मुद्दे काढले. मालकाने मला सर्वांसमोर बोल लावला तो दिवस. छातीत दुखून कारखान्याच्या दवाखान्यात दोन तास पडलो होतो आणि घरी सांगितलं नाही, ते. टेबल खिडकीपाशीच चांगलं दिसतं, हे. अकरावा मुद्दा लिहून खोडला, परत लिहिला: राहा.

मुद्दे पाठ केले. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर बावीस मिनिटं.

१ मार्च, शनिवार. दुपारी १२.३०
ती अकराला पाच कमी असताना आली. निळा नवीन कुडता, स्वतः शिवलेला असावा. विचारायचं राहिलं. टेबलाकडे बघितलं आणि त्याच्यावरून हात फिरवला. मशीन टेम्पोवाल्याने आणि मी मिळून खाली नेलं. मग धाग्यांचा डबा, लोकरीची पिशवी. तिने चहा नको म्हटलं, आणि केल्यावर घेतला.

निघताना दारात थांबली. अडकवलेली पर्स परत खांद्यावरून काढली. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. म्हणाली, "सांगा मग. काय चाललंय तुमचं?"

सव्वीस महिन्यांनी विचारलं. कागद खिशात होता, मुद्दे पाठ होते. मी म्हटलं, ती लायब्ररी इन्स्टॉल करायला फार त्रास झाला. ती म्हणाली, हो? मी म्हटलं, हो, आधी भाषाच बसवावी लागते, हे कोणी सांगत नाही. मग दोन पायथनचं सांगितलं. फाइलच्या नावाचं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती, चांगली ऐकत होती, मध्ये एकदा हसलीही. तेव्हा मी चौकोनांचंही सविस्तर सांगितलं.

टेम्पोवाला वर आला. म्हणाला, बाई, मला पुढचं भाडं आहे.

ती म्हणाली, येते. मी म्हटलं, हो, सावकाश जा.

फॉन्टपर्यंत आलो होतो.