बेकरीवाल्याच्या पोटावरून विमानाचा रस्ता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकलो की कंबर बोलते, तरी वाकलोच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठणठणीत. आणि ताई, अगं, आम्ही तुझ्याकडे यायचं म्हणतोय! विमानाने! तुला डोळे भरून पाहिल्याला इतकी वर्षं झाली की तुझं माप मला आता अंदाजानेही सांगता येत नाही. शिंप्याला सख्ख्या बहिणीचं माप येऊ नये, ही काय कमी लाजेची गोष्ट झाली?

तर मी दुकानाच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला, इथल्या विमानतळापासून तुझ्या विमानतळापर्यंत टेप लावला आणि शिलाईत जाईल म्हणून थोडं कापड जास्त धरून (सवय, दुसरं काय!) अंतर काढलं. शेजारचा तिकीटवाला म्हणाला, काका, एवढं नाहीये. त्याने मोबाइलवर रस्ता दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. विमान सरळ जायचं सोडून पार वर, बर्फाच्या अंगाने कमान मारून जातं! नवखं गिऱ्हाईक बघून टॅक्सीवाला गावभर फिरवतो तसलाच प्रकार, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. तो म्हणे, पृथ्वी गोल आहे, वळणाचाच रस्ता जवळचा. म्हटलं, कात्री धरून बोटं झिजली माझी, तू मला वळण शिकवतोस?

तेवढ्यात बेकरीवाला कोटाचं माप द्यायला आला. (त्याचं पोट तू पाहिलेलं नाहीस. सुटलंय, पण काय सुरेख गोल!) त्याला बनियनवर उभा केला, पोटाच्या वरच्या अंगाला एका बाजूला खडूने आपला विमानतळ काढला, दुसऱ्या बाजूला तुझा. टेप आडवा धरून ताणला मात्र, तो आपोआप छातीकडे सरकला आणि माप कमी भरलं! मी ओरडलोच. तिकीटवाल्याने टाळ्या पिटल्या. बेकरीवाल्याला अशा गुदगुल्या झाल्या की दोन्ही विमानतळ गदागदा हलले. कोटाचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

आता वेळेचं ऐक. निघायचं सकाळी दहाला, पोचायचं त्याच सकाळी अकराला. तुझी भावजय म्हणाली, तासाभराचा तर प्रवास, डबा कशाला न्यायचा? परतीचं पाहिलं तर आज निघून उद्या रात्री घरी. तिने लगेच निकाल लावला: जाताना उतार असणार, येताना चढ. (खरं म्हणजे तुमची घड्याळं आमच्या मागे, आणि आम्ही सूर्याच्या बरोबरीने पळणार. दिवसभर हवेत लोंबकळायचंच आहे. पण हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही.) तिने बॅगा भरल्यात, तुझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणलाय, सगळ्या गल्लीचा निरोपही घेऊन झालाय.

भावोजींना नमस्कार, पोरांना पाठीत एक एक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. घ्यायला विमानतळावर नाही आलीस तरी चालेल. विचारत विचारत येऊ.

आणखी एक ता. क. तिकिटं अजून काढलेली नाहीत. फोनवर विषय काढला की तू 'बघू पुढच्या वर्षी' म्हणतेस आणि हवापाण्यावर घसरतेस, म्हणून हे कागदावर लिहिलं. जागा अपुरी असेल तर आम्ही स्वयंपाकघरात पथारी टाकू. ताई, तू एकदा नुसतं 'या' म्हण गं.