दवात भिजलेले बोंबील

गुरुवार, सातपाटी

सासूबाई पालघरच्या बाजारात मासे विकायला जाताना एकच काम सांगून गेल्या होत्या. ऊन उतरलं की वाळत घातलेले बोंबील आत घे. आणि मी? टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून माझी आवडती पोरगी बाहेर जाते की राहते, ते बघत बसले. रडलेसुद्धा! त्या आल्या तेव्हा अंधार पडलेला, बोंबील दवाने ओले. डोकं दुखत होतं, असं सांगून मोकळी झाले. का पण? त्यांनी एकटीने सगळे बोंबील काढले, मग हात धुऊन माझ्या कपाळाला बाम चोळला. चोळता चोळता हळूच विचारलं, "तुजी ती गानारी पोरगी रायली का गो?"

बाम डोळ्यांत गेला, एवढंच म्हणाले.