मामाचा घरचा कॅमेरा

मु. पो. बेलापूर

आदरणीय दाजी,

सुहासचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतोय, तेव्हा साष्टांगातली एक-दोन अंगं तूर्त कमी धरावीत.) आक्काचा खोकला गेला का, आणि निकिताच्या लग्नाच्या गडबडीत तुम्ही शुगरची गोळी वेळेवर घेता का, ते कळवा. इकडं आई, शोभा आणि गाई ठणठणीत आहेत. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि मग मला पुढचं सांगवत नाही, म्हणून पत्र.

तर कॅमेरा. साखरपुड्याच्या पंगतीत मी सगळ्यांदेखत उठून बोललो होतो, की भाचीच्या लग्नाचे फोटो मामाच काढणार, तुम्ही त्या बजरंग फोटोवाल्याला नाही म्हणून सांगा. (जिलेबी जरा जास्त झाली होती.) तुम्ही भिडेखातर त्याला नको म्हणून कळवलंत, आणि मी घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडं कॅमेराच नाही.

बजेट मध्यम ठेवलं. मध्यम म्हणजे, दुकानदार 'बसा' म्हणेल पण चहा मागवणार नाही, एवढं. मग मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहायला बसलो. सेन्सर, झूम, मेगापिक्सेल, सगळं पाठ केलं. डेअरीवर दूध घालायला गेलो की चार जणांना अडवून मेगापिक्सेल समजावून सांगायचो. पुढं पुढं लोक मी घरी गेल्याची खात्री करून दूध घालायला यायला लागले. शोभा म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात, आणि या डबड्याला महिना?" अखेर नगरला गेलो. दुकानदारानं बजेटात बसणारे दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले. एकाचा सेन्सर मोठा होता. दुसऱ्यावर बॅग फुकट होती. दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, मी बॅग घेतली आणि तिच्यात कॅमेरा आला. (बॅग खरंच चांगली आहे. कप्पे भरपूर.)

घरात नवी वस्तू आली की आई पूजेशिवाय तिला हात लावू देत नाही, हे तुम्हाला आमच्या ट्रॅक्टरपासून ठाऊक आहे. कॅमेरा पाटावर बसवला. आईनं विचारलं, "ह्याचं तोंड कुठलं?" मी मोठ्या अभिमानानं लेन्स दाखवली. तिनं तिथंच बोटभर हळद लावली, वर कुंकू टेकवलं, आणि मी शेजारी हात जोडून उभा. लेन्सला बोटसुद्धा लागता कामा नये, हे डेअरीवर साऱ्या गावाला मीच सांगत होतो. नंतर ते पुसलं, तेही खांद्यावरच्या ओल्या टॉवेलनं.

शेजारच्या गोजरबाईंच्या नातवाचं जावळ होतं, तिथं पहिला प्रयोग केला. फोटो पाहून गोजरबाई म्हणाल्या, "सगळ्या पाव्हण्यांना कावीळ झालीय व्हय रं?" मी म्हणालो, तो संध्याकाळचा उजेड आहे. जावळ सकाळी होतं.

तरी माझा धीर खचला नव्हता. तो खचला निकिताच्या फोननं. फेट्याचा रंग विचारायला तिनं फोन केला आणि ठेवता ठेवता म्हणाली, "मामा, तू फोटो काढणार, मग मंगलाष्टकांना माझ्यामागं कोण उभं राहणार? कॅमेऱ्याचं स्टँड?" मी गारच पडलो. नवरीला मंडपात आणायचं आणि अंतरपाट धरलेला असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे मामाचं काम. आणि पोरीला मामा एकच. सगळ्या कॅमेऱ्यांची खोड माहीत असलेल्या माणसाला स्वतःची जागा कुठं ते आठवलं नव्हतं.

पण ऐकेल तो सुहास कसला. कॅमेऱ्यात टायमर असतो. बटण दाबायचं, पळत जाऊन आपल्या जागी उभं राहायचं, फोटो आपोआप निघतो. अंगणात तालीम केली. शोभा नवरी, नवरदेवाच्या जागी कालवड, मध्ये अंतरपाट म्हणून चादर, तिचं एक टोक आईकडं, दुसरं गोजरबाईंकडं. दोघी मंगलाष्टकं म्हणायला लागल्या. मी बटण दाबून पळालो, तो स्टँडमध्येच पाय अडकला. मी शेणात पडलो, फोटो निघाला, आणि मग कॅमेरा सावकाश गाईंच्या हौदात गेला. कालवड चादर घेऊन गोजरबाईंच्या कांद्यात पळाली. आई म्हणाली, "नवरदेव पळाला." शोभा हसून हसून खाली बसली आणि मला उठवायला कुणीच आलं नाही.

बाकी सर्व क्षेम. आक्काला नमस्कार, निकिताला आशीर्वाद. आम्ही आदल्या दिवशीच पाथर्डीला पोहोचतो.

आपला मेहुणा (रद्द करता येत नाही म्हणून),
सुहास

ता. क. : बजरंगला परत बोलवा, एवढ्यासाठीच हे पत्र. मी भीत भीत त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "तारीख मोकळीच ठेवलीय. मामा घरचा कॅमेरा आनतो म्हनला की आमी ती तारीख कुनाला देत न्हाई." तुम्ही त्याला फक्त हो म्हणा. माझ्याविषयी दोघांनी मिळून हसू नका.

आणखी एक : कॅमेरा गेला, पण कार्ड वाचलं. तालमीचा तो फोटो पाहिला. पिवळाच आहे. शोभा नवरीसारखी उभी आहे, मान वळवून मागं बघतेय, आणि तिच्यामागं कुणीच नाही; कोपऱ्यात माझी एक चप्पल तेवढी आलीय. बाकी सगळ्यांना हसू आलं, मला नाही आलं. निकिताला म्हणावं, मंगलाष्टकांना मागं वळून बघू नकोस. मामा असेल. अक्षता मी त्या बॅगेतच घेऊन येतोय.