पलीकडच्या काठचं भुयार

४ मार्च

शेजारच्या देशाचा प्रस्ताव आला. अणुभट्ट्यांचा कचरा भुयारात पुरायचा – सीमेवरच्या नदीपासून अगदी जवळ. करारामुळे त्यांना आमचं मत विचारावं लागतं. आमच्या अणुसुरक्षा खात्याच्या संचालकांनी तपासणीचं काम माझ्याकडे दिलं. माझी ताई तिथल्याच, भुयाराजवळच्या गावात दिलेली आहे, हे सांगून टाकलं. "मग तर तू डोळ्यांत तेल घालून बघशील," म्हणाले.

११ मार्च

पूल ओलांडून बैठकीला गेले. त्यांच्या भूवैज्ञानिक बाई नकाशा दाखवत होत्या. खडक अभंग आहे, म्हणाल्या. नदी आणि गावाच्या बाजूला खडक तपासायला एकही बोअर का घेतली नाही, असं मी विचारलं. "गरज वाटली नाही," त्यांचे साहेब मध्येच म्हणाले.

हात धुताना बाई शेजारी आल्या. नळ मोठा सोडला. "लेखी मागा. मी मागून थकले. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही त्यांना."

संध्याकाळी ताईकडे. भावोजी विहिरीवर मोटार दुरुस्त करत बसले होते. घर विकावं का, हाच विषय.

"तू त्यातलीच ना? एक शब्द सांग," ताई म्हणाली.

"तपासणीआधी कसं सांगू?"

"हिला पाणी ओलं आहे का विचारलं तरी अहवाल मागवेल," भावोजी म्हणाले. ताई हसली नाही. "आईच्या वेळी डॉक्टरही असंच बोलायचा."

१२ मार्च

लेखी मागितलं.

२० जून

बोअरचे निकाल आले. गोपनीय शिक्क्यासह. खडकात भेग आहे. भुयाराजवळचं पाणी तिच्यातून सरकतं – पण नदीकडे नाही. उलट, त्यांच्याच गावातल्या विहिरींकडे.

संचालकांचा चेहरा खुलला. "म्हणजे आपल्याकडे काही येत नाही."

"गावात लोक राहतात."

"त्यांचं सरकार आहे ना त्यांना. करार सीमा ओलांडणाऱ्या धोक्यापुरता आहे. आपण कशाला नाक खुपसायचं?"

करार पुन्हा वाचला. ते बरोबर बोलत होते.

२३ जून

'आक्षेप नाही' असं पत्र गेलं. खाली भेगेबद्दल दोन ओळी घातल्या होत्या, त्या संचालकांनी काढल्या. सही माझी.

२ जुलै

भूवैज्ञानिक बाईंचा फोन. आवाज सपाट. "तुमचं पत्र आज बैठकीत वाचून दाखवलं. शेजाऱ्यांनी तपासून पसंती दिली, म्हणाले. भेगेचं मी काढलं, तर मलाच गप्प बसवलं."  त्यांनी मला दोष दिला नाही. काम सुरू होतंय.

३ जुलै

ताईला फोन केला. विकून टाका, एवढंच म्हटलं. कारण तिने विचारलं नाही.  फक्त म्हणाली, "आणि घेणाऱ्याला काय सांगू?"