जाताना पाच तास

बाबा, लंडन मला कितीला पडलं ते आधी सांगतो. पैशात नाही, वेळात. आचोळ्याच्या घरून विमानतळ अडीच तास, तिथे बॅगा तपासण्यात आणि पट्टा काढण्या-घालण्यात तीन. हवेत किती, ते पुढे येईल, कारण मार मी तिथेच खाल्ला.

तू अंतर विडीत मोजायचास. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चांदीपहून बाजार तीन विड्या. वारा असला की विडी भराभर जळायची, मग चार. पहिल्या कमाईचं घड्याळ मनगटावर बांधून मी ऐटीत म्हटलं होतं, "बाबा, एक तास दहा मिनिटं." तू पाटी उतरवलीस आणि विचारलंस, "जातानाचा का येतानाचा?" मी म्हटलं, रस्ता तोच आहे. "रस्ता तोच, पन मानूस तोच हाय का? जाताना मुंडीवर वजन, येताना पोटात भूक. एका बाजूनं मोजून शाना होऊ नको." मी हसलो होतो.

पुढे मी खिडक्यांचा धंदा टाकला, काच आणि अ‍ॅल्युमिनियमचा. एव्हरशाईन सिटीत कुणालाही विचार, माझं माप सूतभर हलत नाही. त्यांना हे मीच सांगून ठेवलंय.

मग तुझ्या नातीला लंडनला नोकरी लागली. तिची आई दोन दिवस धड जेवली नाही. "पोरगी आजारी पडली तर पोचणार कसं?" हो की नाही, ते माझ्यावर आलं. मी मोबाईलवर विमान काढलं. मुंबईहून दुपारी एक, तिथे संध्याकाळी सहा. "पाच तास!" मी ओरडलो. "गणपतीत कोकणात जायला याच्या दुप्पट लागतात!"

"आणि येताना?" बायकोने विचारलं, अगदी तुझ्यासारखं.

"येताना उतार असतो," मी म्हटलं. पोरगी मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत होती. आठवड्यात गेली.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. सातवा तास लागला तरी खिडकीखाली नुसते ढग. बायको म्हणाली, "अहो, तुमचे पाच तास किती वाजता संपतात?" मी म्हटलं, समोरून वारा असेल. विमानात विडी ओढता येत नाही, त्यामुळे तुझ्या मापाने ताळा बघायचीही सोय नव्हती. उतरलो तेव्हा भिंतीवर सहा वाजले होते आणि बायकोच्या मनगटावर साडेदहा.

पोरगी घ्यायला आली होती. गळ्यात पडली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मला तेव्हाच माहीत होतं. बोलले असते तर सोडलं असतं का तुम्ही?"

माझे कान तिखट, गिऱ्हाईक दुकानाबाहेर जाऊन काय पुटपुटतं तेही मला ऐकू येतं. घड्या घालणारीचं गप्प राहणं तेवढं ऐकू आलं नाही.

नसतं सोडलं, बाबा. तिला हे बोललो नाही. तुला लिहितोय, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. नाक्यावर कुणी विचारलं तर मी अजून पाचच सांगतो. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे असतं, एवढंच.