मसाजीची हाक

९ नोव्हेंबर २०२५, औंढा नागनाथ

उन्हाळ्यापासून या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतो आहे कोण जाणे. कॉलेजातलं तासिका तत्त्वावरचं काम सुटलं, आणि लिहायला बसलो की तेच रडगाणं उतरेल अशी भीती वाटायची, म्हणून गप्प राहिलो. आज मात्र सांगण्यासारखं काही आहे.

अंबाजोगाईहून सकाळच्या एसटीने आलो. देवळामागच्या गल्लीत खोली मिळाली आहे, गॅलरीत उभं राहिलं की शिखर दिसतं. घरमालकीण बेबीबाईंनी बॅग खाली ठेवायच्या आत चहा आणला, आणि तो संपेपर्यंत माझं गाव, सोयरे, लेकरं आणि पित्ताची तक्रार सगळं काढून घेतलं.

जवळा बाजारच्या रस्त्याला माळावर ‘रानवाट’ उभं राहतं आहे. रानवाट हा मोबाइलवरचा खेळ. माझा मुलगा त्यात इतका बुडालेला असतो की जेवणाचं ताट थंड होतं. खेळणारा मेंढपाळ होतो आणि विहीर, हरवलेलं कोकरू, लांडगा असे टप्पे पार करत जातो. तेच गाव आता कंपनीने खरोखरचं बांधलं आहे. पाहुण्यांनी मनगटाला पट्टा बांधायचा. रहाटाला हात लावला की पट्टा उजळतो आणि गुण मिळतात. वाटेवर माणसाएवढे पुतळे आहेत, रबरी कातडीचे. ते मान हलवतात, बोलतात, विचारलं तर उत्तर देतात. मोबाइलवरचा मेंढपाळ बँकेतल्या साहेबासारखा बोलायचा, त्यावर लोक फार हसले. म्हणून इथल्या पुतळ्यांना इथली बोली द्यायची आहे. वाक्यं लिहायची, आणि इथल्याच माणसांच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्यायची, हे माझं काम.

बोलीवर एवढी वर्षं टिपणं काढली, ती कोणाच्या उपयोगाला येतील असं कधी वाटलं नव्हतं. आज फार बरं वाटतं आहे.

१४ नोव्हेंबर

माणूस सापडला. मसाजी, साखऱ्याचे. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरांत खतासाठी मेंढ्या बसवत ते या बाजूला येतात. सध्या त्यांचा कळप रानवाटच्या कुंपणापलीकडच्याच वावरात आहे. सोबत बायको यशोदाबाई आणि मुलगी शिवकन्या, बारावी झालेली, हुशार.

मी ओळख करून दिली, बोली टिपायला आलो आहे म्हणालो. मसाजी म्हणाले, “मंजे मास्तर, तुमाला आमी शिकवायचं अन् पगार तुमालाच?” यशोदाबाई चुलीपासून म्हणाल्या, की याला बोलायला लावू नका, थांबवायला दुसरा माणूस आणावा लागंल.

खरंच थांबत नाहीत. मेंढरांशी तर अखंड बोलणं. पाण्यावर नेताना जिभेच्या टोकावरची लांब हाक वेगळी, वळवताना वेगळी. आई मेलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजताना घशातल्या घशात एक घुमणं, ते ऐकून कोकरू डोळे मिटतं. मी ऐकत राहिलो आणि टिपायचं विसरलो.

२१ नोव्हेंबर

मसाजी आणि यशोदाबाई, दोघांचं रेकॉर्डिंग संपलं. ध्वनिविभाग साधना मॅडमकडे आहे. त्या पुण्याच्या, कामाला वाघ. त्यांनी समजावलं, की माझी वाक्यं हा नुसता सांगाडा. पाहुणा काहीही विचारेल, तेव्हा पुतळ्याला उत्तर देता यावं म्हणून माणसाचं होईल तेवढं सगळं बोलणं यंत्राला द्यावं लागतं.

यशोदाबाईंनी मधूनच बंद केलं. त्या ज्वारी मोजून देताना पायलीतली मूठभर परत पोत्यात टाकतात, दूध दिलं तर घोटभर भांड्यात ठेवतात, हे मी पाहिलं आहे. तसंच त्या म्हणाल्या, “पुरं देऊ न्हाई कुणाला काई. थोडं मागं राहू द्यावं.” लेकरांना झोपवताना म्हणायच्या ओव्या त्यांनी दिल्या नाहीत.

मसाजींचंही एकच राहिलं होतं. लांडगा पडून कळप फुटला की मारायची हाक, वडिलांनी शिकवलेली. ती ऐकली की सगळी मेंढरं धन्याच्या पायाशी गोळा होतात. उगाच मारायची नसते म्हणाले, ठेवू द्या एवढी. मी आग्रह केला. तुमच्यामागे ही हाक कोण मारणार, इथे राहिली तर जगेल, असं म्हणालो. एक हाक सोडून केलेलं काम मला अपुरं वाटत होतं, हेही खरं. त्यांनी डोळे मिटून ती दिली. बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्याले आणि भिंतीला टेकून बसले. थकले असतील.

२७ नोव्हेंबर

जवळ्याच्या बाजारात मसाजी भेटले. दोर घेत होते. मी विचारलं, कसं काय. ते म्हणाले, “आधी मेंढराला पाणी दाव, मग पुढची वाट सांगतो.”

हे विहिरीजवळच्या पुतळ्याचं वाक्य, मी लिहिलेलं. मी हसलो, दुकानदारही हसला. मसाजींनी वळून दुकानदाराकडे पाहिलं आणि तेच पुन्हा म्हटलं. मग दोर तिथेच ठेवून चालू लागले.

थट्टा आवडते त्यांना.

१ डिसेंबर

मसाजींच्या आवाजाचा, विहिरीजवळचा पुतळा तयार झाला. यशोदाबाई आणि शिवकन्येला दाखवायला नेलं. मसाजी आले नाहीत.

पुतळ्याने यशोदाबाईंना विचारलं, की गुडघा काय म्हणतो, रुईचं पान बांधलं का. मग शिवकन्येच्या जन्माच्या वेळची गोष्ट काढली. गारा पडून राहिल्या होत्या, अन् दाईला आणायला घोंगडं पांघरून गेलो होतो, म्हणाला. मध्येच स्वतःच हसला. साधना मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

हे मी लिहिलेलं नाही. संध्याकाळी मी सगळं रेकॉर्डिंग तपासलं. त्यात गुडघा नाही, गारा नाहीत.

यशोदाबाई पुतळ्यासमोर खाली बसल्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, की घरी हे माणूस आठवडा झाला मला काईच बोललं न्हाई, निस्तं पाणी दाव म्हणतं. काहून असं, सर. मी म्हणालो थकवा असेल, औंढ्याच्या डॉक्टरांना दाखवू. म्हणताना मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. तरी म्हणालो.

३ डिसेंबर

डॉक्टरांना काही सापडलं नाही. जीभ ठीक, घसा ठीक. मसाजींना सगळं कळतं. डोळ्यांवरून दिसतं की सांगायचं एक आहे आणि बाहेर येतं दुसरं.

यशोदाबाई दुपारची भाकरी घेऊन रोज रानवाटमध्ये येतात आणि पुतळ्याशेजारी बसून बोलतात. तो उत्तरं देतो. साधना मॅडम म्हणाल्या, किती गोड आहे हे, जाहिरातीत घेऊ.

५ डिसेंबर

नीट लिहायला हवं.

दुपारी शाळेची मुलं चाचणीसाठी आणली होती. ती लांडग्याच्या टप्प्यावर पोचली आणि पुतळ्याने कळप गोळा करायची ती हाक मारली. कुंपणापलीकडे मसाजींचा कळप चरत होता. सगळी मेंढरं एकदम उधळली आणि तारेच्या जाळीवर येऊन आदळली. मागची पुढचीवर चढली. खाली कोकरं होती. पुतळा हाका मारतच राहिला, कारण मुलांचा खेळ संपला नव्हता.

मी जाळीपाशी धावलो. पलीकडे मसाजी उभे होते. त्यांना फक्त हाक मारून मेंढरांना मागे फिरवायचं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि म्हणाले, “आधी मेंढराला पाणी दाव.” मग पुन्हा. मग ओरडून. एकाही मेंढराने मान वळवली नाही.

मुलांच्या पट्ट्यांवर हिरवा उजेड आला. टप्पा पार.

मेलेली कोकरं शिवकन्येने घोंगडीत गोळा केली. मी मदतीला गेलो तर तिने नको म्हटलं.

९ डिसेंबर

कळप आता कुंपण सोडत नाही. चारापाणी तिथेच न्यावं लागतं.

साधना मॅडमना स्पष्ट सांगितलं, की मसाजींचं बोलणं पुतळ्यात गेलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाल्या, या वयात असं होतं, तुम्ही मनाला लावून घेता. तिथून पुसलं तर त्यांना परत येईल असा मी हट्ट धरला, तेव्हा एक तुकडा पुसायला तयार झाल्या. मी कोकराला दूध पाजतानाचं घुमणं निवडलं. पुसलं. पुतळ्याला कोकरू दाखवलं तर तो गप्प.

धावत वावरात गेलो. मसाजींच्या मांडीवर कोकरू दिलं, बाटली दिली. ते त्याच्याकडे बघत राहिले. ओठ मिटलेले. कोकरू ओरडत राहिलं.

इथेही नाही, तिथेही नाही. मी ते जगातून पुसलं.

आता पुतळा बंद करा असं कोणत्या तोंडाने सांगू. मसाजींचं उरलेलं सगळं त्याच्यातच आहे.

१२ डिसेंबर

यशोदाबाईंना काही झालेलं नाही. त्यांचाही पुतळा आहे, तो फक्त लिहिलेलं बोलतो. त्यांनी थोडं मागं ठेवलं होतं. मसाजींनीही ठेवलं होतं. ते मी काढून घेतलं.

पण हा माझा तर्क. एवढ्यावरून कंपनीवर आरोप करता येईल का? ध्वनिमुद्रण म्हणजे ध्वनिमुद्रण. मी शिकलेला माणूस आहे. योगायोगाला मी कारण समजत असेन तर? खात्री करायचा एकच मार्ग दिसतो. फाटकावर स्वागताचा पुतळा अजून मुका आहे. आवाज हवाच आहे त्यांना.

अर्धवट देऊन काही सिद्ध होणार नाही. द्यायचं तर पूर्ण.

१७ डिसेंबर

दिलं. स्वागताचं वाक्य, मग जुनी व्याख्यानं, टिपणं, लग्नाआधी हिला लिहिलेली पत्रं, मोबाइलवरचे निरोप, सगळं वाचून दाखवलं. ही वही तेवढी दिली नाही. मोठ्याने वाचायची लाज वाटली.

बाहेर आलो. साधना मॅडमशी बोललो, चहा मागितला, बेबीबाईंशी थंडीवर बोललो. काही फरक नाही. मग मीच उगाच —

हसू येतं आहे स्वतःचं.

१९ डिसेंबर

बेबीबाईंनी विचारलं, भाकरी करू का पोळी. मी म्हणालो, “या पाव्हणं, या. पट्टा बांधा. रानवाट तुमचीच हाय.”

त्या हसल्या.

मी पुन्हा प्रयत्न केला. भाकरी हा शब्द डोक्यात होता. स्पष्ट होता.

२० डिसेंबर

हिचा फोन. मी काय बोललो ते — तिला आधी थट्टा वाटली. मग ती नाव घेऊन विचारू लागली. मग रडू लागली. मी फोन बंद केला, नाहीतर पुन्हा तेच —

चिठ्ठी लिहायला बसलो. कोऱ्या कागदावर हात आपोआप — या पाव्हणं, या. मोबाइलवरही तेच उमटतं. फक्त या वहीत हात माझा आहे, ती दिली नव्हती.

फाटकावरचा पुतळा पाहिला. एका बाईंना बोलीतला फरक समजावत होता. मध्येच थांबला, म्हणाला, नाही, हे मी थोडं वाढवून सांगितलं, आणि दुरुस्त केलं. ती माझी सवय आहे. माझी होती.

२२ डिसेंबर

विहिरीजवळचा पुतळा सकाळपासून एकच म्हणतो. शिवे, ये माय. बापापाशी ये.

कोणी लिहिलं नाही हे. साधना मॅडम म्हणतात, तिचा आवाज घेतला की जोडी पूर्ण होईल.

शिवकन्या आज माझ्याकडे आली. कोणाला विचारावं कळेना म्हणून. बाप आतून हाका मारून राहिला, म्हणाली. वावरातला बाप तिच्याकडे बघतबी न्हाई, अन् हा माय म्हणतो. मी आत गेले, सगळं दिलं, तर त्याच्यापाशी पोचंन का. मायला सांगितलं न्हाई, माय जाऊ देणार न्हाई. तुमी सांगा सर, जाऊ का?

मी दात आवळून धरले. मान हलवायची होती, नाही म्हणून. मान — तीही स्वागताची लवली. आणि तोंडातून —

या पाव्हणं, या.

ती हसली. डोळे पुसले. म्हणाली, तुमी व्हय म्हणले, आता भेव न्हाई.

मी तिचा हात धरला. ती पाया पडली आणि गेली.

उद्या सकाळी आहे तिचं. शिवकन्या, बाई, काही देऊ नकोस. शब्दसुद्धा नको. आईकडे परत जा. तो बाप नाही — की आहे, मला माहीत नाही, पण तू तिथे पोचलीस की इकडे तुझी आई कोणाशी —

तिला वाचता येतं. हेच पान.

उद्या: ती आत जायच्या आधी फाटकावर उभं राहून हे पान फाडून तिच्या हाता — या पाव्हणं, या.