तुमच्या रायफलीचं खोकं

बाबा, तुमची रायफल गेली. परवा दुपारी कल्याणच्या बंदूकवाल्याच्या दुकानातून ती निघाली, आणि ज्या खोक्यातून गेली ते खोकं मी बनवलंय. लावा आता कपाळाला हात, जिथं कुठं असाल तिथं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हाला कळलीच पाहिजे असं मला फार वाटतंय, म्हणून लिहायला बसले. घरची वस्तू वंशात राहील म्हणायचात ना? विदर्भातल्या एका शेतकऱ्याकडे चाललीय ती. त्याच्या तुरीत डुकरं शिरतात. तुमचं नाव त्यानं कागदावर वाचलं असेल तेवढंच. फोनवर विचारत होता, या रायफलीच्या काही गोष्टी असतील ना ताई, वडलांच्या? मी म्हटलं, काही नाहीत. शेणव्यापासून शहापूरपर्यंत ज्या डुकराची गोष्ट तुम्ही शंभर वेळा सांगितलीत, ते डुक्कर मी दोन शब्दांत मारलं.

तिचे काय लाड होते आपल्या घरात! कणगीच्या वर, दोन खुंट्यांवर ती आडवी असायची, आणि घरात शिरणाऱ्याची नजर देवाच्या आधी तिच्यावर जायची. आईच्या शिलाई मशीनचं तेल तुम्ही तिच्या नळीला लावायचात, मशीन कुरकुरत राहायचं. दसऱ्याला तिला पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू, आणि पहिलं ताट तिच्यापुढे. आई आणि मी उंबऱ्याच्या अलीकडे, कारण बायकांचा हात लागला तर म्हणे नेम चुकतो. निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला लागायचं, तेव्हा तुम्ही शहापूरहून असे परत यायचात की जणू लेक सासरी पोचवून आलात. दोन दिवस जेवण जायचं नाही तुम्हाला. माझं लग्न लावून दिलंत त्या रात्री मात्र तीन वाट्या मटण खाल्लंत, आई सांगते.

तो स्वयंपाकघरातला दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी बारा वर्षांची. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, मी शेजारी लसूण सोलतेय. वरच्या ठाकरवाडीतली म्हातारी सकाळी रानातले कंद आणि शेवळं देऊन गेलीय, आणि आईनं तिला पदरात चार मापं तांदूळ घातलेत. तुम्ही खळ्यावरून येता, कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं असतं. खुंटीवरून रायफल काढता, पलीकडच्या खोलीत जाता, परत येता, आणि नळीचं तोंड आईच्या कानामागे टेकवता. "माझ्या घरातलं धान वाटायला तुला कुणी सांगितलं?" आईचे हात पिठातच राहतात. तव्यावरची भाकरी करपते, तिचा वास अख्ख्या घरात भरतो, आणि कुणी ती उलथत नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग तुम्ही हसलात. "रिकामीच हाय गो! जरा गंमत केली तर लगेच पांढरी पडली." दादा तेव्हा सतरा वर्षांचा, दारात उभा होता. तुम्ही हसलात म्हणून तोही हसला.

रिकामीच होती. हे वाक्य तुम्ही पुढे आयुष्यभर वापरलंत. पाहुण्यांसमोरसुद्धा, आईची फजिती म्हणून. आणि सगळे हसायचे! मला तेव्हा तुमच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटायचा, आणि मी मुकाट्यानं चहाचे कप गोळा करायचे.

माझी नोकरी तर तुम्ही कायम हसण्यावारीच नेलीत. लग्न होऊन मुरबाडला आल्यावर मी कारखान्यात पॅकिंगला लागले, तेव्हा तुम्ही माझ्या सासऱ्यांसमोर म्हणालात, "आमची बाय खोकी भरते. त्याला काय अक्कल लागते?" अहो, लागते. फूटभर काचेची नळी इथून निघून दोन ट्रक बदलते, धक्के खाते, आणि तिकडे अखंड निघते ती काय नवस बोलून? फोम कुठं कापायचा, वजन कुठल्या बाजूला घ्यायचं, काय कशाला लागता कामा नये, हे मी वीस वर्षं शिकले. आज माझ्या हाताखाली अकरा बाया आहेत. एकदाही विचारलं नाहीत तुम्ही काय करतेस म्हणून.

तर तुम्ही गेलात, रायफल ठाण्यात जमा झाली, आणि तशीच पडून राहिली. दादानं चालढकल केली. यंदा ठाण्यातून पत्र आलं, की वारसांनी काय ते ठरवा: कुणाच्या तरी नावावर परवाना करून घ्या नाहीतर रीतसर विका, नाहीतर ती सरकारजमा होईल. झालं, दादाच्या अंगात आलं. बाबांची निशाणी, बाबांची निशाणी! त्यानं स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज तयार केला. त्याला आईची आणि माझी ना हरकत हवी होती. मी कदाचित दिलीही असती, कटकट नको म्हणून. पण वहिनीचा फोन आला. ती इतकं हळू बोलत होती की मी कारखान्यातलं मशीन बंद करायला लावलं. "ताई, परवा माझ्या हातून डाळ सांडली. तर हे काय बोलले ठाव हाय? बोलले, येऊ दे ती एकदा ठाण्यातून, मग बघतो तुझे हात कसे सरळ होत नाय ते."

तिथंच माझं ठरलं. ती रायफल त्या घरात पुन्हा जाता कामा नये. वहिनीसाठी म्हणा, आणि तुमचा सूड म्हणा. दोन्ही खरं आहे, मला साधुत्वाचा आव आणायचा नाही. मी कल्याणच्या परवानाधारक बंदूकवाल्याला गाठलं, त्यानं परवाना असलेलं गिऱ्हाईक शोधलं, आणि मी विक्रीची संमतिपत्रं टाईप करून रविवारी घरी गेले. दादाही त्याचा कागद घेऊन बसला होता. आईच्या समोर दोन कागद, दोन पेनं. आईनं आयुष्यभर तुम्ही बोट ठेवाल तिथं सही केली, त्यामुळे दादा निवांत होता. म्हणाला, "आये, इथं कर."

आईनं चष्मा पुसला. म्हणाली, "त्या दिशी ती रिकामी नव्हती."

दादा म्हणाला, "काय बोलतेस? बाबांनी गंमत केलेली."

"मी बसलेली तिथनं पलीकडची खोली दिसते. त्यांना ती भरताना मी बघितलं. एक काडतूस." आई इतक्या साध्या आवाजात बोलत होती, की जणू डब्यात किती गूळ उरलाय ते सांगतेय. "आन तू हसलास, ते पन मी बघितलं."

मी म्हटलं, आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर माझ्याकडे बघून म्हणते, "सांगितलं असतं तर तू त्या घरात झोपली असतीस का?" आणि माझ्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, तुमच्या नावासकट.

दादानं थयथयाट केला. ताट उडवलं, मला घरभेदी म्हणाला, आईला काय काय म्हणाला ते लिहीत नाही. मग वहिनी आतून आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या अर्जाची चौकशी करायला सायब घरी येतील. मला इचारतील. मी सांगीन." एवढंच. बाबा, पंचवीस वर्षांत तिचा आवाज मी त्या घरात ऐकला नव्हता. दादाला कळलं की परवाना आता मिळत नाही. सरकारजमा होण्यापेक्षा विकलेली बरी म्हणून चार दिवसांनी त्यानंही सही केली. आई आता माझ्याकडे मुरबाडला असते. वहिनी तिकडेच आहे, शेतातलं भात आपल्या हातचं आहे, ते सोडून येणार नाही म्हणते. रोज सकाळी मला फोन करते, आणि ज्या दिवशी करत नाही त्या दिवशी मी करते.

पुढचं सगळं कायद्यानं केलं, एक कागद इकडचा तिकडे नाही. जिल्ह्याच्या कचेरीची परवानगी, ठाण्याचं पत्र, घेणाऱ्याच्या परवान्याची नक्कल, वाहतुकीची परवानगी. कुणाच्या गाडीत टाकून किंवा पार्सलनं ती पाठवता येत नाही. या दुकानदाराकडून घेणाऱ्याच्या गावच्या दुकानदाराकडे, आणि तिथं परवान्यावर नोंद झाली की मगच त्याच्या हातात. काडतुसं वेगळी, त्यांचा निकाल ठाण्यातच लागला होता. दुकानदार म्हणाला, ताई, खोकं मी मागवतो. मी म्हटलं, खोकं माझं. सुट्टी काढून बारा मिलिमीटरच्या प्लायचं बनवलं. त्याच्याकडून मापं घेऊन फोम कापला, नळीचं तोंड कशाला टेकणार नाही, दस्त्याला चार बोटं मोकळी. बोल्टसाठी, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यासाठी, वेगळी डबी केली, कारण तो काढून निराळा पाठवतात. बोल्टाशिवाय ती उडत नाही.

दुकानदार पोरसवदा दिसतो पण कामाचा पक्का. माझ्यासमोर त्यानं आधी बोल्ट मागं ओढला, आत बघितलं, बोट घालून बघितलं, परत बघितलं. मी म्हटलं, अहो, बारा वर्षं ठाण्यात होती, रिकामीच असणार. तो म्हणाला, "ताई, आमच्यात रिकामी बंदूक नसतेच. प्रत्येक भरलेली समजायची. रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही. हे ज्याला कळत नाही त्याला परवाना द्यायलाच नको." ऐकलंत? पंचविशीतल्या पोरानं तुमची सगळी मर्दुमकी एका दमात निकालात काढली. मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा चहा पाजला.

हे पत्र कुठं जाणार नाही, त्यामुळे उरलेलंही सांगून टाकते. आईला सांगितलेलं नाही, वहिनीला तर नाहीच. बोल्ट डबीत गेल्यावर तो म्हणाला, "आता हे नुसतं लाकूड आणि लोखंड. भिंतीकडे तोंड करून धरा हवी तर, शेवटचं." मी नको म्हणणार होते. घेतली. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, डावा हात आपोआप जिथं जायचा तिथं गेला. कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं होतं, भिंतीवर तुम्ही दिसाल. तुम्ही नाही दिसलात. दादा दिसला, ताट उडवतानाचा. आणि मला बरं वाटलं, बाबा. फार बरं वाटलं. हात जरासुद्धा हलला नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, द्या आता." त्याला ती माझ्याकडून दोनदा मागावी लागली.